शाहिराचा डफ उचलला, प्रश्न कुठे ठेवला?

दरवर्षी १ ऑगस्ट आला की सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातील वाटेगावला गाड्यांची रीघ लागते. निळे झेंडे, पिवळे झेंडे, लाल झेंडे. पुढाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्या, हारांचे ढीग, स्वागताच्या कमानी. आणि कानठळ्या बसविणारा डॉल्बी. त्या डॉल्बीवर अण्णाभाऊंनी बाबासाहेबांवर लिहिलेले ते गाणे दिवसातून पन्नास वेळा वाजते. पोरे नाचतात. नाचू द्या, आमची हरकत नाही. ज्यांच्या बापजाद्यांना गावच्या वेशीत मान वर करून चालता येत नव्हते त्यांची नातवंडे भर रस्त्यात नाचतात, हाही एक विद्रोहच आहे.

पण मागे एकदा आम्ही या गर्दीच्या कडेला एका म्हाताऱ्या हलगीवाल्याजवळ बसलो होतो. हलगी त्याच्या मांडीवर गप्प पडली होती. आम्ही विचारले, "बाबा, तुम्ही वाजवत नाही आज?" म्हातारा हसला. म्हणाला, "आता यंत्र वाजतंय की लेकरा. आमी जलमभर वाजीवलं. देवाफुडं वाजीवलं, पाटलाच्या वराती-फुडं वाजीवलं. पर तुजं गानं म्हन, असं आमाला कुनी म्हनलं न्हाई."

हे वाक्य ऐकल्यापासून आमच्या डोक्यात एक प्रश्न भुंग्यासारखा फिरतो आहे. या मातीने महाराष्ट्राला एवढे शाहीर दिले, एवढे डफ दिले, एवढे तमाशे दिले. त्या गाण्यांत विद्रोह होता. पण विद्रोहाच्या पाठीला पाठ लावून जन्मलेली दुसरी एक गोष्टही होती, ती म्हणजे भ्रमनिरास. "लढा म्हणालात, लढलो, मग आमच्या वाट्याला काय आले?" हा तो सवाल. प्रस्थापितांनी शाहिराचा विद्रोह उचलला, त्याचे पोवाडे केले, पुतळे केले. त्याचा भ्रमनिरास मात्र जिथल्या तिथे ठेवला. आणि दुःखाची गोष्ट अशी, की आम्हीही तेच केले.

माती कोणाची, नाव कोणाचे?

सांगली जिल्हा १९४९ साली साताऱ्यातून वेगळा झाला. तेव्हा त्याला दक्षिण सातारा म्हणत. त्यामुळे या भागाचा इतिहास सांगायचा तर सातारा आणि सांगली असा भेद करून चालत नाही. याच टापूत तासगाव तालुक्यातले सावळज आहे. तिथल्या उमाजी मांग सावळजकरांचा 'मोहना बटाव' हा मराठी तमाशातला पहिला वग मानला जातो. त्याचे साल १८६५ सांगितले जाते. मराठी रंगभूमीचा जन्म याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवर'ने झाला हे शाळेतले पोरही सांगते. भाव्यांच्या नावाने नाट्यगृह आहे, पदक आहे. त्यानंतर अवघ्या वीस-बावीस वर्षांत याच जिल्ह्यातल्या एका मांगाने वग रचला, हे किती पोरांना माहीत आहे? एकाला नाटककार म्हटले, दुसऱ्याला तमासगीर म्हटले. दोन्ही शब्दांतले अंतर हे कलेचे अंतर नाही, ते जातीचे अंतर आहे.

याच वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्ष आहे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा तिथला ब्राह्मण घरातला मुलगा तमाशात गेला आणि पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) झाला. जात सोडून, घर सोडून तो महार समाजातल्या पवळेबरोबर राहिला. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. त्याच्या बंडाचे कौतुक करताना आम्ही कंजूषपणा करणार नाही. पण बापूरावांवर सिनेमे निघाले, पुस्तके निघाली, आणि पवळेला काय वाटले ते कोणी विचारले नाही. लावणीत बाई बोलते, पण ते शब्द पुरुषाने लिहिलेले असतात. तिचा शृंगार लिहिला गेला. तिचा भ्रमनिरास लिहिलाच गेला नाही.

चळवळीत एक आठवण पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. पठ्ठे बापूरावांनी आपल्या खेळाचे उत्पन्न बाबासाहेबांच्या सत्याग्रहाला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. आपल्या जातीच्या बाईला फडावर नाचवून मिळालेला पैसा माणुसकीच्या लढ्याला नको, अशी त्यांची भूमिका. काही लोकांना यात बाबासाहेबांचा कलेवरचा राग दिसतो. आम्हाला तसे वाटत नाही. १६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये त्यांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी, पोतराज यांच्यापुढे भाषण केले. हा धंदा सोडा, सन्मानाने जगा, असे त्यांनी निक्षून सांगितले. त्यांचा विरोध गाण्याला नव्हता. ज्या व्यवस्थेत गाणाऱ्याची अब्रू गाण्याच्या बदल्यात घेतली जाते त्या व्यवस्थेला होता. गाण्याला विरोध असता तर आंबेडकरी जलसे उभेच राहिले नसते.

गण बदलला, मग गणित का नाही बदलले?

तमाशाचा साचा सर्वांना माहीत आहे. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. गणात गणपतीला नमन, गवळणीत कृष्णाने अडवलेल्या गौळणी. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्यानंतर पुणे-सातारा पट्ट्यात सत्यशोधक जलसे उभे राहिले. या जलसाकारांनी हाच साचा उचलला आणि आतून फोडला. गणपतीच्या जागी निर्मिकाला आणि सत्याला नमन आले. गवळणीत राधा-कृष्णाऐवजी भटशाहीचे सोंग उघडे पाडणारे संवाद आले. वगात सावकार, भटजी आणि कुलकर्णी यांच्या युतीत पिचणारा कुणबी आला. ज्याला अक्षर येत नव्हते त्याला रात्रभर दिवटीच्या उजेडात फुल्यांचा विचार कळला. सातारा जिल्ह्यात १९१९ ते १९२१ च्या सुमारास कुळांनी ब्राह्मण जमीनदार-सावकारांविरुद्ध जे आंदोलन केले त्याची मशागत या जलशांनी केली होती. कासेगावात आयुष्य घालवलेल्या डॉ. गेल ऑम्वेट यांनी हा इतिहास सविस्तर लिहून ठेवला आहे.

हा झाला विद्रोह. आता भ्रमनिरास बघा. जी कुळे जमिनीची मालक झाली त्यांच्या शेतावर राबणारा महार-मांग होता तिथेच राहिला. भटशाहीविरुद्ध गाणी म्हणणारी पुढारी मंडळी १९३० नंतर हळूहळू काँग्रेसच्या मंडपात शिरली. केशवराव जेध्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. छत्रपती मेळ्यांची गाणी गाजविणारा हा नेता पुढे काँग्रेसवासी झाला. गण बदलला, गवळण बदलली, पण गावाचे गणित बदलले नाही. पाणवठा तोच, मसणवाटा तोच.

या भ्रमनिरासातून आंबेडकरी जलसा जन्मला. नाशिकच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी जो जलसा उभा केला त्यात गवळण नव्हती, नाचणारी बाई नव्हती. विषय होते पाणी, मंदिर, मेलेली ढोरे ओढणे, शिक्षण, मतदान. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा यांची बरोबरी होते, असे बाबासाहेब म्हणाल्याचे सांगितले जाते. इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आंबेडकरी जलसा बाबासाहेबांच्या जयजयकारासाठी निघाला नव्हता. तो आपल्याच माणसाला प्रश्न विचारण्यासाठी निघाला होता. तू अजून येसकरकी का करतोस? पोराला शाळेत का घालत नाहीस? पोतराज का सोडतोस? ऐकणाऱ्याला टाळी वाजवता वाजवता खाली मान घालावी लागे. जलशाची ताकद त्यात होती.

आझादी आली, पण वाटेगावला कधी?

या सातारा भागाने स्वातंत्र्यलढ्यात काय केले ते सांगायला नको. १९४३ ते १९४६ या काळात येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. न्यायमंडळे झाली, सावकारांना वचक बसला, कमी खर्चात लग्ने लागली. गावोगावी पोवाडे झाले. याच सातारी मातीत त्याआधी एक लहान मुलगा मसूर स्टेशनवर उतरला होता. वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेल्या त्या मुलाची जात कळताच गाडीवानाने गाडी हाकायला नकार दिला होता. त्या मुलाचे नाव भीमराव. पोवाड्यांच्या पुस्तकांत प्रतिसरकार आहे, मसूरचे स्टेशन मात्र नाही. एकाच भूमीचे हे दोन इतिहास आहेत आणि दोन्ही एका डफावर वाजल्याशिवाय गाणे पुरे होत नाही.

ते पुरे करायचा प्रयत्न करणारा शाहीर म्हणजे अण्णाभाऊ साठे. १ ऑगस्ट १९२० रोजी, ज्या दिवशी मुंबईत टिळकांचे निधन झाले त्याच दिवशी, वाटेगावच्या मांगवाड्यात त्यांचा जन्म झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच चोर ठरविलेल्या जमातींत मांगांना घातले गेले होते. हजेरी लावल्याशिवाय माणूस गावाबाहेर पडू शकत नव्हता. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. म्हणजे देशाला स्वातंत्र्य मिळाले तेव्हा ज्यांच्या पायात हजेरीची बेडी होती, त्यांना १९४७ चे गाणे कसे ऐकू येणार?

भुकेने अण्णाभाऊंच्या कुटुंबाला १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पायी मुंबईला नेले. शाळा नावापुरती, दीड दिवसाची. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांना लाल बावटा भेटला. १९४४ साली अमरशेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. स्टालिनग्राडचा पोवाडा झाला, बंगालच्या दुष्काळावर गाणे झाले. १६ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबईत निघालेल्या मोर्चाची आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. जनता उपाशी आहे तर हे स्वातंत्र्य खोटे आहे, असा त्याचा आशय होता. मोरारजी देसाईंच्या काळात मुंबई सरकारने कलापथकावर बंदी घातली. तमाशावर बंदी आली तर अण्णाभाऊंनी गवळण वगळून लोकनाट्य उभे केले. पोलीस यायचे तोवर खेळ दुसऱ्या चाळीत गेलेला असायचा.

आता कोणी म्हणेल, स्वातंत्र्य खोटे कसे? हा देशद्रोह झाला. आम्ही त्यांना सांगू, २५ नोव्हेंबर १९४९ चे घटना समितीतले बाबासाहेबांचे भाषण काढून वाचा. २६ जानेवारी १९५० पासून आपण राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत प्रवेश करणार आहोत, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर ज्यांना ती सोसावी लागते ते हा लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील, असा इशारा त्यांनी दिला होता. घटनेचा शिल्पकार जे सभागृहात सांगत होता तेच वाटेगावचा शाहीर गिरणगावच्या चाळीत डफावर सांगत होता. एकाची भाषा कायद्याची, दुसऱ्याची भाषा पोटाची. पण दोघांची वेदना एकच होती.

मैनेचे कोणी ऐकले?

अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड आज लग्नाच्या वरातीतही वाजते. अमरशेखांच्या पहाडी आवाजात ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घरोघरी पोचली. गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ झालेला मुंबईचा कामगार त्या गाण्यात बोलतो आणि बोलता बोलता त्याची मैना म्हणजे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव होते. तोडून दूर ठेवलेला मुलूख आणि तोडून दूर ठेवलेली बायको. सातारा, सांगली आणि कोकणातल्या हजारो घरांची ही कथा होती. नवरा गिरणीत, बायको गावात. महिन्याला मनिऑर्डर, वर्षाला यात्रा.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. मंगल कलश आला. बेळगाव राहिले, कारवार राहिले, डांग आणि उंबरगाव गेले. पण आम्हाला त्याहून मोठा प्रश्न पडतो. महाराष्ट्र झाल्यावर त्या कामगाराची मैना त्याला भेटली का? नाही भेटली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या बंद पडल्या आणि हात हलवत तो गावी परतला. गावात तोवर साखर कारखाने उभे राहिले होते, कृष्णाकाठ हिरवा झाला होता. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याला कृष्णामाईच्या पाण्याचे काय? जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडचा माणूस कोयता घेऊन ऊस तोडायलाच गेला. ज्या गाण्यात एवढा भ्रमनिरास भरला आहे ते गाणे आम्ही वरातीत लावतो आणि शिट्ट्या मारतो. गाण्याचा असा पराभव करण्यात आमचा हात आहे.

आणि मैना स्वतः काय म्हणते? तिचे उत्तर छक्कडीत नाही, ते जात्यावर आहे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी पहाटे दळताना गायलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गोळा केल्या. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. त्या ओव्यांत भीमराव हा पुतळ्यावरचा नेता नाही. तो घरचा आहे, भाऊ आहे, बाप आहे, माहेर आहे. ज्या बाईला सासरी बोलायची सोय नाही ती जात्याला बोलते. नवऱ्याचा मार, सासूचा जाच, मुलगी म्हणून जन्मल्याचे दुःख ती दाण्याबरोबर भरडते. हा विद्रोहच आहे, फक्त त्याला डफ नाही. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. बाईचे कष्ट कमी झाले, हे चांगलेच झाले. पण तिची बोलायची जागा गेली आणि तिला दुसरी जागा आम्ही दिली नाही. आमच्या भीमजयंतीच्या मंचावर किती बायका बोलतात, हे समाजबांधवांनी मनाला विचारावे.

पुतळा मॉस्कोत, पोर वाड्यात

अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले. पन्नाशीही गाठली नाही. तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणारा, 'फकिरा'ला राज्य शासनाचे पारितोषिक मिळवणारा, १९६१ साली रशियाला जाऊन आलेला लेखक हलाखीत मेला. मेल्यावर मात्र त्यांची चांगली सोय झाली. १९८५ साली त्यांच्या नावाने विकास महामंडळ निघाले. २००२ साली चार रुपयांचे टपाल तिकीट निघाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. या गोष्टी वाईट नाहीत. पण त्याच महामंडळात कोट्यवधी रुपयांचा अपहार झाल्याच्या आरोपावरून २०१५ साली माजी अध्यक्ष राहिलेल्या आमदाराला अटक झाली. मातंग समाजातल्या पोरांच्या कर्जाचा, शिकण्याचा, धंद्याचा तो पैसा होता. अण्णाभाऊ असते तर यावर त्यांनी वग लिहिला असता, आणि आम्हाला खात्री आहे, तो वग १ ऑगस्टच्या मंचावर कोणी होऊ दिला नसता.

आता जरा कठीण बोलायचे आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नेमक्या अण्णाभाऊंच्या जयंतीदिवशी, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक मताने निकाल दिला, की अनुसूचित जातींत राज्यांना उपवर्गीकरण करता येईल. त्या निकालाची कायदेशीर चिकित्सा आमचे वकील मित्र करतील. आम्हाला इथे एवढेच म्हणायचे आहे, की तेव्हापासून बौद्ध वस्ती आणि मातंग वस्ती यांच्यात जे बोलले जाते आहे ते ऐकून मन खिन्न होते. एक म्हणतो, तुम्ही सगळे खाल्ले. दुसरा म्हणतो, तुम्ही हिंदुत्ववाद्यांच्या मांडीवर जाऊन बसलात. आणि दोघांच्याही जयंतीत वाजते तेच एक गाणे, मांगाच्या पोराने महाराच्या पोराला गुरू मानून लिहिलेले!

'फकिरा' कोणाला अर्पण आहे? बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन कोणी केले? अण्णाभाऊंनी. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, ती दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, हा विचार त्यांनी तिथे मांडला. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८५५ साली, जोतिबा-सावित्रीच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने निबंध लिहिला, तो केवळ मांगांच्या दुःखाविषयी नव्हता. मांग आणि महार या दोघांच्या दुःखाविषयी होता. एका लहान मुलीला जे कळले ते आम्हा पदवीधरांना कळू नये?

म्हणून आम्ही बौद्ध बांधवांना म्हणतो, मातंग समाजाचा भ्रमनिरास आधी नीट ऐकून घ्या. १९५६ नंतर आम्ही गावकीची कामे टाकली, ढोरे ओढायचे सोडले, शहर गाठले. वाजंत्री मागे राहिला. तो मागे का राहिला हे विचारायला आम्ही मांगवाड्यात किती वेळा गेलो? त्याचे ऐकणे म्हणजे बाबासाहेबांच्या विचाराला सोडणे नव्हे. आणि मातंग बांधवांना म्हणतो, तुमच्या रागाला जागा आहे. पण त्या रागाच्या जोरावर तुम्हाला पुन्हा देवळापुढे हलगी वाजवायला कोण उभे करते आहे ते पाहून घ्या. अण्णाभाऊंनी बाबासाहेबांचे नाव घेतले ते कोणाच्या दबावाखाली नाही. लाल झेंडा हातात असताना घेतले. पोटाच्या लढाईला जातीच्या लढाईची जोड दिल्याशिवाय या देशात काही बदलणार नाही, हे कळले म्हणून घेतले.

टीका करणारा शाहीर आम्हाला चालतो का?

भ्रमनिरास परक्यांविषयी गायला सोपा असतो, आपल्यांविषयी गाणे अवघड. वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) ते केले. बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ साली रिपब्लिकन पक्ष झाला आणि बघता बघता त्याची शकले झाली. वामनदादांनी गावोगाव फिरून जशी बाबासाहेबांची थोरवी गायली, तसे त्यांच्या नावावर गट काढणाऱ्यांनाही सोडले नाही. मानधन मिळो न मिळो, हा माणूस खरे बोलत राहिला. आज वामनदादांची स्तुतिपर गाणी वाजतात. नेत्यांचे कान उपटणारी गाणी कोणत्या जयंती मंडळाच्या पेनड्राइव्हमध्ये आहेत?

११ जुलै १९९७ रोजी मुंबईत रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या आपल्या माणसांवर गोळीबार झाला. दहा जण गेले. त्यानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. आयुष्यभर डाव्या चळवळीत गाणाऱ्या या शाहिराने शेवटी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. त्या पट्टीत जो भ्रमनिरास होता त्याचे उत्तर ना लाल झेंड्याने दिले ना निळ्याने. आनंद पटवर्धनांनी त्यावर चित्रपट केला. जगाने तो पाहिला. आमच्या किती वस्त्यांत तो दाखवला गेला? पुढे कबीर कला मंचाच्या तरुण कलावंतांच्या वाट्याला तुरुंग आला, २०१३ च्या आगेमागे एकदा आणि एल्गार परिषद प्रकरणात २०२० साली पुन्हा. सरकारला डॉल्बीची भीती वाटत नाही, डफाची वाटते. यावरून समजून घ्यावे की कोणत्या आवाजात ताकद आहे.

तर मग करायचे काय? आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली, सांगली-साताऱ्याच्या प्रत्येक बौद्धवाड्यात आणि मातंगवाड्यात सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत. त्यांना येणारी गाणी, ओव्या, भेदिक, जलशाचे संवाद मोबाईलवर मुद्रित करा, म्हणणाऱ्याचे नाव-गाव विचारून लिहून ठेवा. एकेक म्हातारी गेली की एकेक ग्रंथालय जाते. दुसरी, १४ एप्रिलला आणि १ ऑगस्टला एक तास डॉल्बी बंद ठेवा. त्या तासात फक्त हलगी, घुमके, कैताळ आणि माणसाचा गळा. तिसरी, त्या तासातली निम्मी वेळ बायांना द्या. आणि चौथी सर्वांत महत्त्वाची. त्या तासात एक तरी गाणे असे म्हणा, जे ऐकून मंचावर बसलेल्या पुढाऱ्याला खाली मान घालावी लागेल. मग तो पुढारी आपला असो की परका.

विद्रोहाला भ्रमनिरासाची भीती वाटता कामा नये. ज्याने आशा धरली त्याचाच भ्रमनिरास होतो. ज्याचा भ्रमनिरास होऊनही जो गात राहतो तोच खरा शाहीर. उमाजी सावळजकर गेले, अण्णाभाऊ गेले, वामनदादा गेले, घोगरे गेले. डफ त्यांनी खाली ठेवला नव्हता, त्यांच्या हातातून तो गळून पडला. आम्ही तो उचलला, त्यावर झेंडा गुंडाळला आणि शोकेसमध्ये ठेवला.

येत्या १ ऑगस्टला आम्ही पुन्हा वाटेगावला जाणार आहोत. तो हलगीवाला म्हातारा भेटला तर यावेळी त्याच्याजवळ नुसते बसणार नाही. त्याला म्हणणार आहोत, "बाबा, आज तुमचं गाणं म्हणा. आम्ही ऐकायला आलोय."

जयभीम.